सवतीचं माप

माझ्या धाकट्या जावेचं माप हलत नाही, असं आमच्या कारखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. हे कौतुक ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करावं आणि एकदाचं तोंड सोडावं, असं मला फार वाटतं. पण तसं करता येत नाही. ते म्हणतील, आम्ही चांगलंच तर बोललो होतो. आणि ते खरंच चांगलं बोलले होते, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचा कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल. खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर आम्ही. बायकांचे कोट, झगे, हॉटेलात आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांचे गणवेश शिवतो. शिलाई मशिनींच्या रांगा, मधोमध कापायचं मोठं टेबल, आणि अगदी टोकाला, जिथे उकाड्यात चिटपाखरूही फिरकत नाही, तिथे इस्त्री आणि मी. काज, बटणं, कडा दुमडणं, लोंबते दोरे छाटणं आणि शेवटी इस्त्री हे माझं काम. टेबलावर राज्य मास्तरांचं. कारखाना त्यांचा, कापणंही त्यांचंच. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं नाकातून येतं.

माझी ही जाऊ इथे दोरे छाटायला म्हणून आली तेव्हा नुकती शाळेतून सुटलेली पोरगी होती. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिला एक अर्धवट टाचलेला कोट चढवायला लावला, उगाच, खुंटी रिकामी नव्हती म्हणून. कोट असा बसला की मास्तरांच्या तोंडातून टाचण्या पडल्या. खांदा, छाती, कंबर, हाताची लांबी, सगळं आमच्या मधल्या मापाशी तंतोतंत. त्या दिवसापासून कुठलाही नवीन नमुना आधी तिच्या अंगावर टाचायचा आणि मग कापायचा, अशी पद्धत पडली. तिचं नावही माप पडलं. ‘माप, इकडे ये.’ ‘माप आली नाही का आज?’ तिचं खरं नाव काय, ते बहुधा फक्त हजेरी घेणाऱ्यालाच माहीत असेल.

पण ती नुसती लाकडासारखी उभी राहणारी नव्हती. लाकडी खोक्यावर हात जरा बाहेर धरून उभी राहायची आणि आरशात न बघता सांगायची, ‘मास्तर, डावी बाही पुढे ओढतेय.’ मास्तर म्हणायचे नाही, मग टेप लावायचे आणि मुकाट्यानं बाही उसवायचे. ते गेले की ती तोंडात दोन काड्या धरून त्यांची नक्कल करायची, नाकातून ‘म्म्म, वळ, म्म्म, अजून वळ,’ आणि सगळ्या रांगा मशिनी थांबवून हसायच्या. मीसुद्धा हसायचे, आणि मी सहसा हसणाऱ्यांतली नाही.

मग मास्तरांनी तिच्या मापाचा एक पुतळा करून घेतला. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं धड, आत भुसा आणि वर जाड कापड, खाली लाकडी दांडा. तिनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. म्हणाली, ‘ही माझी सवत. बघा कशी शहाण्यासारखी उभी आहे. खात नाही, पीत नाही, चहाला सुट्टी मागत नाही. मास्तरांची लाडकी आता हीच होणार.’ तेव्हापासून पुतळ्याला कुणी पुतळा म्हटलंच नाही. ‘सवतीला जरा सरकव.’ ‘सवतीच्या अंगावरचा झगा काढ.’

नवीन कापणी सुरू होण्याआधी मास्तरांचा एक रिवाजच झाला. आधी टेप सवतीला लावायचा, मग तिला. सवतीचं आणि हिचं जुळलं की सगळ्यांकडे वळून म्हणायचे, ‘हिचं माप हलत नाही, म्हणून आपलं काम अडत नाही.’ टाळ्या पडायच्या. ती खोक्यावरून वाकून नमस्कार केल्याचं सोंग करायची. पुतळा भुशाचा होता, त्याचं माप कशाला हललं असतं? ही हाडामांसाची पोरगी वयात आली, मोठी झाली, आणि हिचं माप तसूभरही हललं नाही, यात कुणालाच वावगं वाटलं नाही. सगळ्यांना ती करामत वाटली.

माझा दीर मशिनी दुरुस्त करतो. कारखान्यात तेल घालायला म्हणून यायचा तो कामाशिवाय यायला लागला तेव्हाच मी घरी सांगितलं होतं की धाकट्याचं गाडं कुठे अडलंय. लग्न झालं, ती आमच्या घरात आली. घर तसं लहान. दोन खोल्या आमच्या, दोन त्यांच्या, स्वयंपाकघर एक आणि न्हाणीघर एक. माझे यजमान लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतात, त्यामुळे पोरं सोडली तर घरात बहुतेक वेळ आम्ही तिघीच. सासूबाई, ती आणि मी.

सासूबाईंचा जीव वाढण्यात. माणूस ताटावरून उठला तरी त्या मागून डाव घेऊन येतात. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तर त्यांच्या अंगात संचारलंच. दोन जिवांची, दोन जिवांची, असं म्हणत दिवसभर तिच्या पुढ्यात काही ना काही ठेवायच्या. आणि ती खायची. नाही म्हणायची नाही, कौतुकानं खायची, ‘आई, अजून थोडं,’ म्हणून मागून घ्यायची. मला आपलं बरं वाटायचं. मग ती उठायची, न्हाणीघरात जायची, कडी लागायची आणि बादलीत नळ धो धो सुटायचा.

उलट्या कुणाला होत नाहीत? मला तर पहिल्या वेळी फोडणीचा वास आला तरी घर सोडावंसं वाटायचं. पण माझ्या उलट्यांना वेळकाळ नसायचा. तिच्या मात्र नेमाच्या होत्या, खाणं झालं की लगेच. आणि माझ्या चौथ्या महिन्यात थांबल्या होत्या. तिच्या पाचव्यातही चालूच. सासूबाई म्हणायच्या, ‘कुणाकुणाला शेवटपर्यंत होतात गं.’ ती वाळत चालली तेव्हा म्हणाल्या, ‘खाते बिचारी, पण अंगी लागत नाही.’

हे ‘अंगी लागत नाही’ म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. ते एकदा म्हटलं की पुढे काही बघायलाच नको. दीर म्हणाला अंगी लागत नाही. शेजारीण म्हणाली अंगी लागत नाही. कारखान्यात बायका म्हणाल्या, ‘नशीबवान आहेस बाई, खाऊनही अंगी लागत नाही. आमचं बघ, पाणी प्यालं तरी कमरेला दिसतं.’ पाठीवर वेणीची दोरी झालेली, केस फणीत गुंता येऊन गळतायत, पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून मशीनवरून उठताना कण्हते, आणि हिला नशीबवान म्हणतात! तेवढे गाल मात्र वर आले होते. कानाखाली, जबड्यापाशी, दोन्हीकडे सारखे. त्यावर सासूबाई खूश. ‘चेहरा कसा भरलाय बघ.’ गाल भरले नव्हते, सुजले होते. रोजच्या ओकण्यानं तिथल्या गाठी सुजतात, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडले होते. मी विचारलं तर म्हणाली, ‘इस्त्रीचा चटका.’

‘इस्त्रीवर मी असते,’ मी म्हटलं. ‘तू कधी गेलीस तिकडे?’

‘सवतीनं चावा घेतला मग,’ ती म्हणाली आणि हसली. तिचं हे असंच. तुम्ही काही विचारायला जावं आणि हसत परत यावं. तो चावा तिच्याच दातांचा होता, हेही पुढे डॉक्टरांनीच सांगितलं.

पोट दिसायला लागलं तेव्हा मी तिचे दोन झगे बाजूनं उसवून सैल करून दिले. आत भरपूर कापड होतं, मी स्वतःच ठेवलं होतं. काही दिवसांनी त्यातला एक इस्त्रीला घेतला तर बाजूची शिवण वेगळीच लागली हाताला. उलटा करून पाहिला. पोटावर मी सोडलेलं तसंच होतं, पण काखेतून, दंडातून, पाठीतून कापड परत आत घेतलेलं. बारीक हातशिलाई, एकसारखा टाका. असा टाका आमच्यात तिचाच.

घरी गेल्यावर मी तो झगा तिच्यापुढे टाकला. ‘हे काय?’

‘सैल कपड्यात गबाळी दिसते मी, वहिनी.’

‘सातवा लागलाय तुला आता. बाई या दिवसांत फुगते आणि तू दंडात आत घेतेस?’

‘बरं दिसतंय ना पण?’ तिनं विचारलं, आणि चेहऱ्यावर केवढी तरी आशा होती. मी चिडले. चिडले की मी भांडी आपटते, ती आपटली, आणि विषय तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात नवीन कापणी होती. पोटुशी बाई खोक्यावर चढवली मास्तरांनी. म्हणाले, पोट सोडून बाकीचं बघू. आधी सवतीला टेप, मग तिला. खांदा, दंड, पाठ, मनगट. मास्तरांनी टाचण्या काढून हातात घेतल्या, म्हणजे बोलणं मोठं होतं. ‘पोट सोडलं तर बाकी जशीच्या तशी! उलट दंडाला सवतच जाड आहे. कमाल आहे पोरी तुझी.’ टाळ्या पडल्या. मी इस्त्रीपाशी उभी होते, मला तिचं तोंड दिसत होतं. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीचं असतं ना, तसं ते झालं होतं. सवतीला हरवलं होतं तिनं. पोटात सातव्या महिन्यातलं मूल घेऊन भुशाच्या पुतळ्याला हरवलं होतं.

दवाखान्यात एरवी दीर जायचा बरोबर. त्या वेळी त्याचं कुठेतरी काम अडकलं म्हणून मी गेले. ती सकाळपासून गप्प होती आणि सैल, लांब, पायघोळ झगा घालून आली होती. मला वाटलं, चला, अक्कल आली. तिथल्या नर्सनं वजन घेतलं, कागदावर मांडलं आणि म्हणाली, ‘छान वाढतंय.’ डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, बोलायला कोरड्या. त्यांनी तिला झोपवलं आणि गळ्यातला टेप काढून पोटावर लावला. आमच्यासारखाच टेप. माझं लक्ष तिकडेच लागलं, धंद्याचं माणूस मी. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मागच्या वेळचा कागद पाहिला.

‘वजन वाढतंय,’ त्या म्हणाल्या, ‘आणि पोट जिथल्या तिथे आहे. दोन्हींतलं एक खोटं आहे. उलट्या होतात अजून?’

‘नाही,’ ती म्हणाली.

नाही? सकाळी मीच नळ ऐकला होता.

डॉक्टरांनी तिला पडद्यामागे पाठवलं, दवाखान्याचा अंगरखा घालून ये, नीट तपासायचं आहे म्हणून. तिनं झगा काढून पडद्याच्या बाहेर खुर्चीवर टाकला. टाकला आणि खुर्ची वाजली. कापड वाजत नाही. मी उचलला तर हाताला जड. खालची कड चाचपली. आमच्याकडे जाड कोटाचा घेर नीट पडावा म्हणून खालच्या दुमडीत धातूच्या जड चकत्या शिवतात, नाण्याएवढ्या. त्या काही एका कोटात चार-सहाच्या वर लागत नाहीत. या झग्याच्या घेरात त्या ओळीनं शिवल्या होत्या, एकीला एक लागून, दुहेरी.

दोरे छाटायची माझी कात्री कायम गळ्यात असते. मी तिथेच खाली बसले आणि घेर उसवला. काही विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पहिली चकती फरशीवर पडली, मग दुसरी, मग बाकीच्या सुटल्या त्या थेट डॉक्टरांच्या टेबलाखाली गडगडत गेल्या. ती पडदा सारून बाहेर आली. अंगरख्यातून तिचे हात बाहेर आलेले, आणि मी ते हात उघडे असे कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. काटक्या होत्या.

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वैरीण म्हणाले. पोटच्या पोराला उपाशी मारणारी म्हणाले. बाहेर बसलेल्या बायका उठून दाराशी आल्या.

‘आवाज खाली,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘तुम्ही कोण हिच्या?’

‘मोठी जाऊ.’

‘मग मोठ्यासारखं वागा. तिला टायफॉइड झाला असता तर असंच ओरडला असतात? हा आजार आहे. खुर्ची द्या तिला, पडेल ती.’

मी खुर्ची दिली. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं आणि राग मात्र तसाच होता, फक्त आता तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

ती बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला विनोद सुचला नाही. म्हणाली, ‘मला खायचं असतं हो. मी रोज ठरवते, आजचं ठेवायचं पोटात. पण घास खाली गेला की वाटतं, आपण फुगतोय, शिवण उसवतेय आपली. मग ते काढल्याशिवाय श्वासच येत नाही.’ मग माझ्याकडे न बघता, ‘बाळाला सांगते मी रोज. म्हणते, आजच्या दिवस थांब, उद्या खाते नक्की.’

डॉक्टरीणबाईंनी तिला खरं वजन करायला उभं केलं. लग्नातल्यापेक्षा कमी भरलं, पोटातल्या मुलासकट. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, तिला आणि मला, दोघींना. ओकारीबरोबर रक्तातले क्षार जातात, ते इतके खाली आले की काळीज ठोका चुकतं, चालता चालता बाई कोसळते. रक्त कमी झालंय. हाडं ठिसूळ होतात, दात झिजतात. बाळ आईच्या अंगातून ओढून घेतं म्हणतात, पण ओढायला काहीतरी शिल्लक हवं. हे बाळ वाढायचं थांबत आलंय. दिवस भरायच्या आत होईल, लहान होईल, आणि असंच चाललं तर जगेल याची खात्री मी देणार नाही. ‘आई आणि बाळ, दोघांपैकी कुणाचीच,’ त्या म्हणाल्या. तिला तिथेच दाखल करून घेतलं.

मी घरी आले. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना कळेचना. ‘मुद्दाम काढायची? माझ्या हातचं?’ एवढंच परत परत म्हणत राहिल्या. मग डाव हातात घेऊन रडल्या. दीर आला आणि म्हणाला, ‘पण वहिनी, तिला तर उलट्या होत होत्या.’

‘तुमच्या मशिनीचा आवाज जरा बदलला तर तुम्ही ती उघडून बसता, भावजी,’ मी म्हटलं. ‘रोज नळ ऐकला नाहीत?’

तो खाली बसला. म्हणाला, ‘लग्नाआधी मी तिला म्हटलं होतं, तू कायम अशीच राहा.’ कुठला नवरा मुलगा असं म्हणत नाही?

पण मास्तरांना मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरले ती सरळ सवतीपाशी गेले आणि तिला दांड्यासकट उचलून मास्तरांच्या टेबलावर आडवी टाकली, कापायला पसरलेल्या कापडावर. ‘हिला नांदवा आता,’ म्हटलं. ‘दुसरी तुम्ही संपवलीत.’ आणि सगळं सांगितलं, चकत्यांसकट. मशिनी थांबल्या होत्या. या वेळी कुणी हसत नव्हतं.

मास्तरांचा चेहरा पडला. माणूस वाईट नाही, हे सांगायला मला आवडत नाही, पण नाही. म्हणाले, ‘मी तिला कधी खाऊ नको म्हटलं का? एकदा तरी? चहाबरोबर मीच बिस्किटं मागवायचो तिच्यासाठी.’

‘तसं नाही म्हटलंत. टाळ्या वाजवल्यात.’

‘अगं, कौतुकच केलं ना?’

‘तेच म्हणतेय मी.’

त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

ती दवाखान्यात महिनाभर होती. सलाईन, क्षार, रक्त, आणि मनाच्या डॉक्टर रोज येऊन तिच्याशी बोलत बसायच्या. खाणं थोडं थोडं, पण ठरलेलं. आणि प्रत्येक खाण्यानंतर कुणीतरी तिच्याजवळ बसायचं, तिला उठू द्यायचं नाही. ते काम माझ्याकडे आलं, कारण सासूबाई रडायच्या आणि दीर तिचे डोळे भरून आले की विरघळायचा. माझ्यावर डोळे चालत नाहीत. मी पत्ते घेऊन बसायचे.

त्या महिन्यात तिनं मला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मला कुणी दिल्या नसतील. जेलर म्हणाली. म्हणाली, तुझं तोंड बघायचं नाही मला, तुला माझं वाईट व्हायला हवंय, तू स्वतः ढोल झालीस म्हणून तुला माझा हेवा. मी म्हटलं, हो झालीये ढोल, पान टाक. ती पान टाकायची. घाम फुटलेला असायचा कपाळाला, नखं चादरीत रुतलेली. एक वाटी भात पोटात ठेवायला एका माणसाला एवढं झुंजावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणाच्या बापावर विश्वास ठेवला नसता. कधी ती जिंकायची. कधी मी पाणी आणायला वळले की तेवढ्यात हरायची, आणि मग तोंड फिरवून पडून राहायची. त्या वेळी मला तिचा राग यायचा नाही. मला त्या खोक्याचा राग यायचा, ज्याच्यावर ती उभी राहायची.

बाळ वेळेआधी झालंच. मुलगी. पण त्या महिन्यात जे काही तिच्या अंगी लागलं होतं त्यावर ती पोरगी श्वास घेऊन आली. रडली तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढाही आवाज नव्हता. काचेच्या पेटीत ठेवली, नळ्या लावल्या. हात माझ्या बोटाएवढे, कातडी सैल, अंगावर जणू दुसऱ्याच कुणाची घातल्यासारखी. तिची आई पेटीसमोर खुर्ची टाकून बसायची, काचेला हात लावून. एकदा तिथली नर्स प्रेमानं म्हणाली, ‘किती नाजूक आहे ना, बाहुलीच.’ तर ही ताडकन उठली. ‘बाहुली म्हणू नका,’ म्हणाली. ‘नाजूक म्हणू नका. लहान आहे ती. उपाशी राहिल्यामुळे लहान आहे.’ नर्स बिचारी दचकली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आता दोघी जगतील.

दोघी घरी आल्या. आजार काही दवाखान्यात सोडून आली नाही ती. मनाच्या डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. जेवण झालं की अजून मी शेजारी बसते. न्हाणीघराची कडी मी उपटून टाकलीये, आता ज्याला जायचंय त्यानं गाणं म्हणत जावं. सासूबाई डाव ठेवून वाढायला शिकतायत, त्यांना ते फार जड जातं. घरात कुणी कुणाच्या अंगाबद्दल, चांगलं की वाईट, एक अक्षर बोलायचं नाही, असा मी कायदा केलाय. जो बोलेल त्याच्याशी माझी गाठ आहे.

परवा मास्तर आले बाळ बघायला. हातात कागदात गुंडाळलेली झबली, कारखान्यात सगळ्यांनी मिळून शिवलेली, मऊ धुतलेल्या कापडाची. बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. टेप गळ्यात होता, तो त्यांच्या आंघोळीच्या वेळीही गळ्यात असेल. मग ज्याची मला भीती होती ते आलंच. ‘बरी झालीस की ये हं कामावर. घाई नाही. नवीन कापणी अडलीये, पण घाई नाही.’ आणि त्यांची नजर, अगदी सवयीनं, तिच्या खांद्यावरून दंडावर उतरली.

मी तोंड उघडलं होतं. पण तिनं मला हातानं थांबवलं.

‘टाके घालायला येईन, मास्तर,’ ती म्हणाली. ‘माप मात्र सवतीचंच घ्या. तिचं हलत नाही.’

मास्तरांनी मान खाली घातली आणि टेप गळ्यातून काढून खिशात ठेवला. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी एक झबलं उलगडलं. आमच्या सासूबाईंनी ते पोरीला चढवलं. पोरगी त्यात दिसेनाशीच झाली. बाह्या हाताच्या पुढे लोंबतायत, गळा खांद्यावरून घसरतोय.

‘अरेरे, मोठं झालं,’ मास्तर म्हणाले. कॉलरला टोचलेली सुई त्यांनी काढली, दोरा ओवलेलाच होता. ‘दे इकडे. दोन टाक्यांत आत घेतो.’

‘नाही!’

ती एवढ्या जोरात ओरडली की पोरगी जागी झाली. तिनं मुलीला मास्तरांच्या हातापासून लांब ओढून छातीशी धरलं आणि तिचा सगळा चेहरा लाल झाला होता. इतकी वर्षं ओळखते मी हिला. हसताना पाहिलं, रडताना पाहिलं, रागावलेली आजारात पाहिली. पण शुद्धीवर, कुणावर तरी उलटून, स्वतःच्या माणसासाठी चिडलेली कधी पाहिली नव्हती.

‘एक टाका घालायचा नाही,’ ती म्हणाली. ‘सैल राहू दे. कपडा नाही आत घ्यायचा. ती भरेल त्यात.’

मास्तरांनी सुई परत कॉलरला टोचली. पोरगी रडत होती, आता आवाज चांगला निघतो तिचा. माझ्या जावेनं त्या लोंबत्या बाह्या नीट वर दुमडल्या आणि तिला पाजायला घेतलं. सासूबाई उठून आत गेल्या आणि तिच्यासाठी ताट वाढून घेऊन आल्या.